तसबिरीचा खालचा भाग

एकोणीसशे सत्तरनंतरच्या कोल्हापुरात सरदारांपेक्षा सरदारांच्या खुर्च्याच जास्त दिसू लागल्या. जुनं फर्निचर विकणाऱ्या एका चाचांच्या दुकानात त्या एकमेकींवर पालथ्या पडलेल्या असत. तिथंच एके दिवशी एका सरदारांच्या पत्नीचं, बाईसाहेबांचं, तैलचित्र विक्रीला आलं. पुरुषभर उंच, अंगावर जांभळा शालू. वाळवीनं चौकट खाल्ली होती, बाईसाहेबांना मात्र मान राखून सोडलं होतं.

"हात बघा की मास्तर," चाचा म्हणाले. "खानदानी हात. ह्या हातांनी कधी तांब्या उचलला नसंल."

मी हातच बघायला गेलो होतो. ते माझ्या आईचे होते.

बाईसाहेब गोषात असत. परक्या चित्रकारासमोर पंधरा दिवस बसणं शक्य नव्हतं. म्हणून चेहरा सरदारांनी स्वतः काढलेल्या फोटोवरून घेतला आणि मानेखालच्या भागासाठी बाईसाहेबांचा शालू, त्यांचे दागिने घालून आई बसली. ती त्या घरात भांडी घासायची. तिला कुणीही बघितलं तरी घराण्याची अब्रू जात नव्हती. मी दोन वर्षांचा असताना आई गेली. तिचा एकही फोटो नाही. ही हकीकत मला माझ्याहून दहा वर्षांनी मोठी असलेली बहीण, आक्का, सांगायची. आई कशी होती असं विचारलं, की ती या चित्रावर येऊन थांबायची.

किंमत मला झेपणारी नव्हती. शिवाय एका हॉटेलवाल्यानं इसार दिला होता, सोमवारी चित्र जाणार होतं. रविवारी मी राधानगरीहून आक्काला घेऊन आलो.

ती बराच वेळ हातांकडे बघत राहिली.

"हे न्हाईत रं तिचं. आईची करंगळी वाकडी होती, चुलीवर भाजल्याली. ह्यानं सरळ केलीया."

दरबारी चित्रकार पदरचं सौंदर्य घालतात, हे मी चित्रकलेच्या वर्गात मोठ्या खुशीत सांगत आलो होतो. त्या दिवशी मला चित्रकाराचा राग आला.

आमचं काय चाललंय ते चाचांना कळेना. गिऱ्हाईक हिरमुसलं एवढं त्यांनी ओळखलं. "बरं, बसण्यातला रुबाब तरी बघा की, आक्का."

आक्का वाकून बघू लागली. "बसलीया कुठं ही? कडंला टेकलीया नुसती."

खरंच तसं होतं. पाठ ताठ, मागं वीतभर खुर्ची रिकामी, एक पाऊल जरा पुढं.

"घरात बी अशीच टेकायची," आक्का म्हणाली. "म्हणायची, कुणी हाक मारली तर उठायला बरं पडतंय."

मग ती चित्रासमोर फरशीवरच बसली. मीही बसलो. चाचांनी चहा मागवला.

दोनेक महिन्यांनी मी त्या हॉटेलात गेलो. चित्र दर्शनी भिंतीवर होतं. त्याला लागून एक लांबलचक सोफा मांडला होता आणि चित्र छातीपासून वरच तेवढं दिसत होतं.

"हा सोफा जरा पुढं ओढता का?" मी वेटरला विचारलं.

"कशाला सायेब? तोंड दिसतंय की."

दुसऱ्या कुणाला सांगावं ते सुचेना. मी सोफ्यावर न बसता समोरच्या टेबलाशी बसलो आणि चहा गार होईपर्यंत सोफ्याकडे बघत राहिलो.