आपोआप पेटणारं गवती चहाचं तेल

आता साल विचाराल तर मला खात्रीनं सांगता येणार नाही. नव्वदच्या दशकाचा शेवट असावा, किंवा दोन हजार उजाडलंही असेल. हल्ली माझा माझ्याच आठवणीवर भरवसा नाही. फजिती झाली आणि ती माझीच झाली, एवढं मात्र पक्कं.

मी रसायनशास्त्रातला डॉक्टर, घोडेगावच्या एका छोट्या प्रयोगशाळेत. शिनोलीचे निवृत्तीभाऊ शेतात गवती चहा लावून त्याचं तेल काढायचे. पुण्याच्या एका साबणवाल्यानं त्यांना पहिली ऑर्डर दिली, पण अट घातली: तेल किती तापल्यावर आपोआप पेटतं ते लेखी आणा, नाहीतर माल परत.

"सर, संध्याकाळच्या एसटीनं क्यान न्यायचाय. कागद तेवढा द्या."

ही चाचणी कशी करतात सांगू? विजेच्या भट्टीत काचेचा चंबू तापवायचा, त्यात तेलाचे चार थेंब सोडायचे, खोलीत अंधार करायचा आणि वरच्या आरशातून चंबूच्या पोटात बघत बसायचं. आसपास विस्तव नको. तेलानं स्वतःहून पेट घ्यायला हवा.

भट्टी नवी होती. भाऊंनी तिला हळदकुंकू वाहिलं आणि माझ्या मागच्या फळीवर केळ्यात उदबत्ती खोचली. मीही हात जोडले.

दिवा मालवला. तीनशे अंशाला थेंब सोडले. सगळी खोली गवती चहाच्या वासानं भरली. आरसा अंधारात तळ्यासारखा शांत दिसत होता. पाऊस उघडल्यावरच्या तळेघरच्या ओल्या वाटा डोळ्यांपुढं तरळायला लागल्या. मी मान वाकवली, आणि त्या तळ्यात इवलासा लाल ठिपका उमलला.

पेटलं म्हणायचं. दिवा लावून वहीत लिहिलं, भट्टीचं तापमान उतरवलं. अडीचशेला पुन्हा ठिपका. दोनशेला, दीडशेलाही. दुपार सरली. नव्वदला ठिपका दिसल्यावर मी वही मिटली.

"भाऊ, हा क्यान एसटीत नेता येणार नाही. उन्हातसुद्धा भडकेल."

भाऊंचा चेहरा उतरला. "आवो, आमची मंडळी रोज गुडघ्याला चोळतीय की."

"त्यांना चुलीपासून लांब राहायला सांगा."

"मंग भाकऱ्या तुमी थापता का, राव?"

हसू आलं नाही. माझ्या एका सहीनं त्यांचा धंदा बुडणार होता. खात्री करावी म्हणून भट्टी बंद केली आणि चंबूच उचलून बाजूला ठेवला. दिवा मालवून आरशात बघितलं. ठिपका होताच.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा मागं वळून बघितलं.

मी वहीची पानं फाडली. एसटी तोवर गेली होती. दुसऱ्या दिवशी खिडकी उघडून, फळी पुसून चाचणी नव्यानं केली. साबणवाल्यानं तेल घेतलं.

एक शंका मात्र मनात राहिलीच. एवढा वेळ उदबत्ती टिकली कशी? बऱ्याच वर्षांनी बोरी बुद्रुकला एका लग्नात भाऊ भेटले, तेव्हा विचारलंच.

"भाऊ, ती उदबत्ती इतका वेळ टिकली कशी? तुम्हाला ती आरशात दिसली नव्हती?"

"दिसत व्हती की. तुमी तिच्याकडं बघायचा आन् वहीत लिवायचा. मला वाटलं, तपासणी तिचीच हाय. म्हणून तर तुमी दिवा लावला, की मी इझत आलेली काढून दुसरी लावत व्हतो."