शाळा नसलेल्या अक्का

अक्का आईबापांशी आधी बोलत नसत. कुणी लेकरू घेऊन शाळेच्या दारात आलं की त्या सरळ लेकरासमोर उकिडव्या बसायच्या आणि त्यालाच विचारायच्या, "काय नाव तुझं?" मग थांबायच्या. मागून आई घाईघाईनं सांगायची, "अक्का, त्याला बोलायला येत न्हाई, त्याचं नाव..." अक्का मानही न वळवता म्हणायच्या, "तुमाला इचारलं न्हाई की मी." आणि पुन्हा थांबायच्या. काही पोरं हसायची, काही ओरडायची, एखादं त्यांचा चष्मा ओढायचं. जे काही यायचं ते अक्का उत्तर म्हणून घ्यायच्या.

माझा धाकटा भाऊ मिलिंद याला बाबा पहिल्यांदा तिथं घेऊन गेले तेव्हा मी बरोबर होते. आमचं गाव कोहिनूर. तिथून एसटीनं तालुक्याच्या गावी जायचं आणि बाजारातून चालत शाळेपर्यंत. मिलिंदची समज वयाच्या मानानं फार मागं राहिली होती, आणि गावात त्याला नावानं हाक मारणारं घरच्यांशिवाय कुणी नव्हतं. अक्कांनी नाव विचारलं तेव्हा त्यानं तोंडातला शर्टाचा कोपरा काढला आणि मुठीतला खडा त्यांच्या हातावर ठेवला. "मला दिलास व्हय? बरं झालं," अक्का म्हणाल्या आणि खडा कमरेच्या पिशवीत टाकला. परतीच्या गाडीत बाबा खिडकीबाहेर बघत बसले होते. ते गवंडीकाम करायचे, रडणारे नव्हते. कोहिनूर जवळ आल्यावर म्हणाले, "त्याला आजपतोर नाव कुणी इचारलंच न्हवतं."

अक्कांचं माहेर निंबर्ग्याचं. घरात कन्नड, गल्लीत उर्दू आणि सासरी मराठी, अशा तिन्ही भाषा त्यांच्या तोंडात एकमेकींत मिसळून गेलेल्या होत्या. नवऱ्याचं कापडाचं दुकान होतं, ते लवकर वारले. दोन मुलगे शिकून बेंगळूरला गेले. सगळ्यांना वाटायचं, यांच्या घरीही असं एखादं लेकरू असणार किंवा होऊन गेलेलं असणार, नाहीतर बाई कशाला या भानगडीत पडेल? एकदा कुणीतरी तोंडावर विचारलं. अक्का म्हणाल्या, "माझ्या घरी असं कुणी न्हाई. असायलाच पायजे का?" 

शाळा म्हणजे डाळमिलच्या मागचा एक लांबट हॉल. मिलचे मालक अप्पा हे संस्थेचे अध्यक्ष. गावात त्यांना मान होता, आणि हॉल त्यांनी दिला होता हेही खरं. तुरीचा हंगाम सुरू झाला की डाळीचा भुसा उडून सगळ्या सतरंज्यांवर बसायचा, पोरं शिंकायची. मी तेव्हा तिथल्याच कॉलेजात डिग्री करत होते. सकाळचं कॉलेज संपलं की मी शाळेत जायचे, म्हणजे संध्याकाळी मिलिंदला घेऊनच घरी परतता यायचं. आधी नुसती बसून राहायचे. मग अक्का म्हणाल्या, "बसायलीस कामून? याला बटन लावायला शिकव." तिथून माझं शिकवणं सुरू झालं. एक बटण लावायला शिकवण्यात किती दिवस जातात ते मला तोवर माहीत नव्हतं.

"बिचारं" हा शब्द शाळेत चालत नसे. लोक वाढदिवसाला केळी, बिस्किटं वाटायला यायचे आणि दारातच म्हणायचे, "अरेरे, बिचारी लेकरं!" अक्का त्यांना हसून बाहेर घालवायच्या आणि पुन्हा आत बोलवायच्या. "आता या. नमस्कार म्हणा. पोरं नमस्कार करतात." एका बाईंना त्यांनी सांगितलं, "केळी देताव तर द्या, पर पोरांसंगं बसून एक केळ तुमीबी खा." बाई बसल्या. शेजारच्या पोराची लाळ त्यांच्या पदराला लागली तेव्हा अर्धं केळ हातात धरूनच उठल्या. पुन्हा आल्या नाहीत. अप्पांना हे आवडायचं नाही. ते म्हणायचे, "अक्का, देणाऱ्याचा हात असा झिडकारून कसं चालंल?" अक्का पुढच्या वेळी तेच करायच्या.

दर वर्षी कॉलेजच्या मैदानावर आमच्या मुलांच्या शर्यती व्हायच्या. बसवराज, म्हणजे आमचा बसू, त्याचे पाय जन्मापासून लुळे होते. तो हातांवर सरकत जायचा. शर्यत सगळ्यांच्या मागं राहून संपवायचा, पण संपवायचा. एका वर्षी पाहुण्यांना घाई होती म्हणून बक्षिसं वाटून झाली, माईकवर आभारही मानून झाले आणि बसू अजून मैदानात अर्ध्यावर होता. अक्का रेषेपाशी उभ्या होत्या. मंडपवाले खुर्च्या गोळा करायला लागले तेव्हा त्यांनी तोंडात बोटं घालून शीळ घातली आणि ओरडल्या, "शर्यत चालू हाय अजून!" मंडपवाले खरंच थांबले. बसू धुळीनं माखून रेषेपाशी आला, आणि त्या खुर्च्या उचलणाऱ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी तो इतका हसला होता की त्याला उचकी लागली.

बसूला फिट यायच्या. गोळ्या चालू होत्या. तो वाढत्या वयाचा झाला होता आणि त्याची आई अजून त्याला पाठीवर घेऊन शाळेत आणायची. वस्तीपासून शाळा लांब होती. ती शेतात रोजानं जायची. सकाळी त्याला आणून सोडायची आणि तशीच कामावर पळायची. तिची कंबर गेली होती. म्हणून अपंगांना तीनचाकी सायकली देण्याचा विषय निघाला तेव्हा अक्कांनी बसूचं नाव सगळ्यात आधी दिलं.

सायकली वाटायचा कार्यक्रम उन्हाळ्यात, कॉलेजच्या मैदानावर ठेवला. आसपासच्या तालुक्यांतून मुलं बोलावली होती. मोठे पाहुणे येणार होते, म्हणून सगळ्यांनी सकाळीच येऊन बसायचं. मुलांना तिथं पाठवायचं अक्कांच्या मनात नव्हतं. त्या अप्पांना म्हणाल्या, "सायकली घरी द्या की. उन्हात लेकरं कशाला बसवायलाव?" अप्पा म्हणाले, "शाळेचं नाव हाय अक्का. आणि न आलेल्याला सायकल भेटत न्हाई, वरूनच सांगितलंय." बसूच्या आईलाही ऊन बघून धास्ती वाटत होती. तिनं अक्कांना विचारलं, "नेऊ का?" अक्कांनी तिच्या वाकलेल्या कमरेकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "ने. सायकल तर मिळंल."

मंडप पत्र्याचा होता. मुलांच्या छातीवर नंबर लावले होते आणि नंबराप्रमाणे पुढच्या रांगांत बसवलं होतं. पाहुणे काही आले नाहीत. ऊन चढलं, पत्रा तापला. पाणी मंचामागं होतं, बाटल्यांत, पाहुण्यांसाठी. अक्का दोनदा-तीनदा उठून संयोजकांकडे गेल्या. मुलांना कॉलेजच्या व्हरांड्यात सावलीत बसवू द्या, पाहुणे आले की आणू, असं त्या सांगत होत्या. एक तरुण संयोजक म्हणाला, "पुढं खुर्च्या रिकाम्या दिसत्याल, मॅडम. पाच मिनिटात येतेत." बसूनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, गोळी जेवणानंतरची होती आणि जेवण कार्यक्रमानंतर होतं. त्याच्या आईनं पदरातली भाकरी काढली तेव्हा त्याच्यानं खाववेना.

पाहुण्यांच्या गाड्या आल्या आणि बँड वाजायला लागला, त्याच वेळी बसूला फिट आली. ती थांबेना. एक फिट ओसरते तोवर दुसरी. अक्कांनी त्याला कुशीवर वळवलं, शर्ट सैल केला, आणि गाडी, गाडी म्हणून ओरडल्या. बँडमध्ये कुणाला ऐकू गेलं नाही. मंडपाच्या तोंडाशी पाहुण्यांच्या गाड्या आडव्या लागल्या होत्या, ड्रायव्हर आत मंचापाशी उभे. शेवटी अक्कांनी बसूला उचललं. साठीकडे आलेली बाई ती. त्याला खांद्यावर टाकून, गाड्यांच्या मधल्या फटीतून अंग घासत त्या रस्त्यावर गेल्या, मागं त्याची आई. रिक्षा मिळाली. दवाखाना येण्याआधीच तो गेला होता.

मी मंडपातच होते. मिलिंदचा हात धरून, बाकीच्या मुलांजवळ कुणीतरी थांबायला हवं म्हणून. भाषणं झाली. मग नावं पुकारायला सुरुवात झाली, आणि माईकवरून आवाज आला, "बसवराज." पुन्हा, "बसवराज... लवकर या." नवी सायकल मंचाजवळ उभी होती, सीटवरचं प्लास्टिक तसंच. कुणी येत नाही असं बघून ती बाजूला सारली आणि पुढचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती सायकल बसूच्या घरी पोचवली. आणणाऱ्यांबरोबर फोटो काढणारा होता. बसूच्या आईनं दार लावून घेतलं, तर त्यांनी सायकल भिंतीशी उभी केली आणि नुसत्या सायकलीचाच फोटो घेतला.

शोकसभेत अप्पा बोलायला उठले. मुलगा मुळातच आजारी होता, देवानं त्याची सुटका केली, असं काहीसं म्हणाले. अक्का मागं बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "देवाला मधी आणू नका, अप्पा. उपाशी, उन्हात बसवून मारलं त्याला. नेणारी मीच व्हते." सभा तिथंच संपली.

मग चौकशी आली. मुलांना नाश्ता दिला होता, पाणी होतं, सावली होती, असं सगळ्यांनी सांगायचं ठरलं. पालकांनी तसंच सांगितलं. मी त्यांना दोष देत नाही. कुणाच्या लेकराची अपंगांची पेन्शन अडकली होती, कुणाला पुढच्या वर्षी कानाचं मशीन हवं होतं. एकट्या अक्कांनी घडलं तसं सांगितलं. अप्पांनी त्यांना मिलवर बोलावून घेतलं होतं आधी. "तुमच्या सांगण्यानं पोरगं परत येणाराय का?" त्यांनी विचारलं. "न्हाई," अक्का म्हणाल्या. "मग कामून शाळेवर नांगर फिरवायलाव?" अक्का म्हणाल्या, "त्याची माय मला इचारून त्याला घेऊन आली व्हती. आता मी खोटं बोलू?"

चौकशीतून पुढं काही निघालं नाही. हॉल मात्र दुरुस्तीसाठी म्हणून रिकामा करायला लावला. आम्ही सतरंज्या, पाट्या, लाकडी ठोकळे असं सगळं अक्कांच्या घरी नेऊन ठेवलं. पावसाळ्यात हॉलमध्ये तुरीची पोती लागली. ती अजून आहेत.

त्यानंतर अक्का एसटीनं फिरायला लागल्या. ज्या गावी आपलं लेकरू, त्या गावी आठवड्यातून एकदा. आमच्या ओट्यावर बसून त्या मिलिंदला ताट मांडायला शिकवायच्या. साखरेचा आजार होता, पाय सुजायचे, आई गरम पाणी द्यायची, त्यात पाय सोडून बसायच्या आणि तिथूनच "मिलिंद, वाटी कुठं?" म्हणून विचारायच्या. शेजारचे गंमत बघायला यायचे. एकजण म्हणाला, "अक्का, शाळा तर गेली, आता कशाला हिंडताव?" त्या म्हणाल्या, "शाळा गेली. पोरं हायत की."

बसूच्या घरीही त्या जायच्या. एकदा मला बरोबर नेलं होतं. बसूची आई उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती. तिनं आत या म्हटलं नाही. अक्का बाहेरच्या दगडावर बसल्या. तिनं आणखी मूठभर शेंगा फोडल्या. मग ती म्हणाली, "तुमी ने म्हणलाव म्हणून नेलं मी."

"व्हय," अक्का म्हणाल्या.

"मला वाटलंच व्हतं नेऊ नये."

"व्हय. मलाबी वाटलं व्हतं."

एवढंच. अप्पा, पाहुणे, संयोजक, यांतलं कुणाचंही नाव अक्कांनी घेतलं नाही, मला त्याचा राग आला होता. रस्त्यात मी म्हटलं, "सगळं तुमच्या एकटीच्या अंगावर कशाला घेताय?" त्या म्हणाल्या, "तिच्यापशी दुसरं कोण येतंय सुजाता? ती कुणावर रागावंल?" पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा गेल्या. आणि त्यापुढच्याही.

किडन्या बिघडल्यावर मुलगे येऊन त्यांना बेंगळूरला घेऊन गेले. त्या फोन करायच्या, पण आवाज बारीक होत गेला. मी तोवर विशेष शिक्षणाचा डिप्लोमा पुरा केला होता. ते सांगितलं तर म्हणाल्या, "आता चपला चांगल्या घे." एका सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. मिलिंदला मी सांगितलं, अक्का गेल्या. त्याला किती कळलं ते मला सांगता येणार नाही. तो जेवला आणि झोपला.

तालुक्याच्या गावी त्यांची शोकसभा कुणी घेतली नाही. म्हणून आम्हीच आमच्या अंगणात जमायचं ठरवलं. पाच-सहा घरची माणसं आली, लेकरांना घेऊन. अक्कांचा फोटो कुणाकडं नव्हता. बाबांनी मेणबत्ती लावली.  आणि मग बसूची आई आली, मी तिला निरोपही धाडला नव्हता. ती भिंतीपाशी बसली. कुणीतरी म्हणालं, बाई, तुम्ही बोला. मला वाटलं, ती उठून जाईल.

ती बसूनच म्हणाली, "मी अक्काला माफी केलेली न्हाई. त्यास्नी ठाऊक व्हतं ते. तरी यायच्या." तिनं पदर सावरला. "एकदाबी पाणी मागितलं न्हाई त्येनी माझ्या घरी. मी दिलंबी न्हाई."

लेकरांचे आवाज चालूच होते. चहा झाला, लोक उठायला लागले. बसूच्या आईची एसटी यायची होती, मी तिच्याबरोबर फाट्यापर्यंत गेले. गाडी दिसायला लागल्यावर तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "तू शिकवतीस म्हणं आता?"

"व्हय," मी म्हटलं.

"आमच्या गल्लीत एक लेकरू हाय. मान धरत न्हाई. त्याची माय त्याला कुठं नेत न्हाई, तिला भ्या वाटतं." गाडी येऊन थांबली. एक पाय पायरीवर ठेवून ती म्हणाली, "तिला कुठं ये म्हणू नको. तूच जा."

सोमवारी मी गेले.