तीन बोटं पाणी

लातूरच्या अर्ध्या गच्च्यांवरून रामलिंग मिस्त्रीचा हात फिरलेला होता, आणि उरलेल्या अर्ध्या का गळतात हे तो कुणी न विचारताच सांगायचा. चहाच्या टपरीवर बसला की समोरच्या इमारतीकडं मान वर करून बघायचा, नुसतं ‘च्यक्’ करायचा, आणि ज्याची ती इमारत असेल त्याच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. वय एकसष्ट, अंगानं काटकुळा, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि पिशवीत एकच थापी. तिची लाकडी मूठ तीनदा बदलली होती, थापी एकदाही नाही.

माणूस मूळचा उदगीरकडचा. भूकंपानंतर जिकडंतिकडं घरं बांधायला निघाली तेव्हा विटा वाहायला आला, आणि देगलूरच्या एका तेलुगू मिस्त्रीच्या हाताखाली ईट-कोबा शिकला. स्लॅबवर विटांचे तुकडे उभे बसवायचे, फटी सिमेंट-वाळूच्या मालानं भरायच्या, उतार काढायचा, वरून घोटून घ्यायचं, म्हणजे पाण्याला आत शिरायला वाट राहत नाही. काम एवढंच, पण ते करताना रामलिंगला कुणी बोललेलं खपत नसे. घरमालकालासुद्धा तो जिन्यावरून खाली पिटाळायचा.

एक खोड मात्र त्याला होती. दुसऱ्या मिस्त्रीचं काम त्याला चांगलं म्हणून दिसतच नसे. कुणाच्या नव्या कोब्यावर चार दिवस पाणी तुंबवून ठेवलंय, खालचं छत ठणठणीत कोरडं आहे, मालक खुशीत आहे, आणि हा जाऊन सांगायचा, “खाली दिसंना म्हणून खूश हू नका. पाणी कोब्याच्या पोटात बसलंय. दोन महिन्यांनी भाईर पडंल.” हे वाक्य त्यानं तीस वर्षं वापरलं आणि त्यावर कितीतरी कामं मिळवली. मालकाची झोप गेली की काम रामलिंगकडं यायचं, हे ठरलेलं.

अशा माणसाला बियाण्यांचे व्यापारी विरूपाक्ष शेठ यांनी नव्या बंगल्याच्या गच्चीसाठी बोलावलं. शेठना कोबाच हवा होता, पण त्यांची सून दामिनी पुण्याहून इमारतींचं शिक्षण घेऊन आलेली, आणि तिला गच्चीवर बाग हवी होती. कुंड्यांची नव्हे, सगळ्या गच्चीवर फूटभर माती, तिच्यावर हिरवळ, कडेला मोगरा. ज्या गावात नळ दहा दिवसांनी येतो तिथं गच्चीवर हिरवळ लावायची म्हणजे हौसेची कमाल. पण न्हाणीचं पाणी गाळून झाडांना देता येतं, असा तिचा हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता. कोबा मात्र तिला नको होता. मुळं बारीक भेग शोधतात आणि कोबा फोडतात, म्हणून नांदेडच्या एका कंपनीचं काळं डांबरी शीट गॅसच्या ज्वाळेनं चिकटवून घ्यावं, असं तिचं म्हणणं. रामलिंग म्हणाला, मूळ जातं पाण्यामागं. खाली पाणीच उतरलं नाही तर मूळ काय फिरायला जाईल का?

शेठना दुकानात दोन गिऱ्हाइकं भांडायला लागली की दोघांनाही चहा पाजायची सवय. त्यांनी इथंही तोच तोडगा काढला. गच्चीवर आठ बाय दहाचे दोन वाफे आखून दिले, मध्ये विटांचा बांध घातला. एकात रामलिंगनं कोबा करायचा, दुसऱ्यात नांदेडहून आलेल्या वीरेशनं शीट लावायचं. दोन्ही कामं पुरती वाळली की टँकरचं पाणी भरायचं, पातळीला रेघ मारायची आणि तीन दिवसांनी बघायचं. ज्याचं पाणी टिकेल त्याला सगळी गच्ची.

वीरेश गोड बोलणारा तरुण होता. तो रामलिंगला काका म्हणाला, आणि रामलिंगचं डोकं तिथंच फिरलं. सगळ्यांसमोर त्यानं पिशवीतली थापी काढून कठड्यावर आपटली. “माझा कोबा गळला तर ही थापी ह्याच घरात ठिवून जाईन. पुन्हा कोब्याला हात लावणार न्हाई.” तसं म्हणायची कुणी गळ घातली नव्हती.

दोन्ही कामं झाली, वाळली, आणि वर पाणी चढलं. शेजारच्या गच्च्यांवरून लोक बघत होते. टँकरचं पाणी वर नेऊन नुसतं उन्हात ठेवणारं घर लातुरात त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. घरातल्या सगळ्यांना, कामवालीलासुद्धा, वर जायचं नाही अशी ताकीद मिळाली. एकट्या महादेवी अव्वांना काही सांगायचं राहून गेलं. शेठच्या आई, सगळं घर त्यांना अव्वा म्हणायचं. त्या तेव्हा देवणीला लेकीकडं होत्या, आणि त्याच संध्याकाळी परत आल्या.

तीन दिवसांनी सगळे वर गेले. वीरेशच्या वाफ्यात पाणी रेघेखाली एक बोट उतरलं होतं. उन्हाळा तोंडावर, तेवढं उडणारच. रामलिंगच्या वाफ्यात उतरलं होतं तीन बोटं.

रामलिंगनं वाकून बोट लावलं. परत लावलं. मग खाली धावला आणि छत बघून आला. छत कोरडं ठणठणीत होतं. तो हे सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात वीरेश अगदी अदबीनं म्हणाला की काका, खाली दिसत नाही म्हणून काय झालं, पाणी कोब्याच्या पोटात बसलं असेल, दोन महिन्यांनी बाहेर पडेल. पोराला माहीतही नव्हतं की आपण कुणाचं वाक्य बोलतोय.

शेठ दुकानाला गेले, वीरेश चहाला गेला, दामिनी खाली गेली. रामलिंगनं आपल्या वाफ्यातलं पाणी सोडून दिलं आणि छिन्नी-हातोडा घेऊन बसला. दोष कुठं राहिला एवढं तरी डोळ्यांनी बघायचंच होतं. आधी कोपरा फोडला. खाली कोरडं. पाइपाजवळ फोडलं, कोरडं. बांधाच्या कडेला, मध्यभागी, परत कोपऱ्यात. विटेचा तुकडा हातात घेऊन तो नाकाला लावून हुंगायचा. ओलीचा वाससुद्धा नाही. दुसऱ्या कुणाचा कोबा असता तर तो कोरडा आहे हे त्यानं मान्य केलं असतं का कोण जाणे, पण स्वतःचा असूनही त्याचा विश्वास बसेना. जसजसं कोरडं निघत गेलं तसतसा तो घाबरत गेला. पाच ठिकाणी फोडलं, तरी ओल सापडली नाही.

अव्वांनी चहाला हाक मारली. परसात हात धुवायला त्यांनी पिंपातून तांब्या भरून दिला. पिंप काठोकाठ भरलेलं होतं. शेजारी दोन घागरी, त्याही भरलेल्या. रामलिंगनं विचारलं, नळ आला होता का? नळाला नऊ दिवस झाले होते.

“तुमच्याच कोब्यावरचं हाय,” अव्वा कौतुकानं म्हणाल्या. “रोज पहाटं पूजेच्या आधी नळी टाकून वडून घेते. एवढं पाणी उन्हात वाया जायलंय, बघवंना मला. रेल्वेनं पाणी आलं त्या साली आम्ही वाटीनं मोजून वापरलंय, मिस्त्री. पलीकडच्याला डांबराचा घाण वास येतोय, देवाला कसं चालंल? तुमचं मात्र निवळ हाय बगा.”

रामलिंगनं तांब्या खाली ठेवला. अव्वांवर राग यावा असं त्याला फार वाटलं, पण येईना. दोष अव्वांचा नव्हता, वीरेशचाही नव्हता. तीस वर्षं तो लोकांना सांगत आला होता की रामलिंगच्या कोब्यावर डोळे झाकून भरवसा ठेवा, आणि पहिल्या खेपेला तो स्वतःच ठेवू शकला नव्हता. हे त्याला लागलं, आणि फार आत लागलं.

दामिनी मागच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मुलगी सरळ मनाची. असं जिंकलेलं काम तिला नको होतं. ती म्हणाली, मिस्त्री, यात तुमची काही चूक नाही, आत्ता टँकर बोलावते, पुन्हा पाणी भरून बघू.

“भरा की,” रामलिंग म्हणाला. “आता नक्की गळंल.”

तिला काही कळलं नाही. मग वर गेली, तेव्हा तिला कोब्यातली पाच भोकं दिसली.

रामलिंगनं चहा पुरा प्याला. माझा कोबा गळला तर, असा शब्द होता. कुणी फोडल्यामुळं गळला तर सूट, असं त्यात नव्हतं. त्यानं पिशवीतून थापी काढली, अव्वांनी दिलेल्या पाण्यानं स्वच्छ धुतली, धोतरानं पुसली आणि पायरीवर ठेवली. अव्वांना हात जोडून शरणार्थ केला आणि चालू लागला.

मिस्त्री थापी विसरून गेले, असं अव्वांना वाटलं. दोन दिवस त्यांनी ती जपून ठेवली. मग वारा सुटला, आणि झाकण उडू नये म्हणून त्यांनी ती पिंपावर ठेवून दिली.