लाल जीभ

काल आसनगाव स्टेशनबाहेर द्रोणभर करवंदं घेतली आणि त्या वासाने मला मुरबाडकडच्या आत्याच्या गावी नेलं. मी सतरा वर्षांची होते. त्या सुट्टीत शेजारचा काशिनाथ रोज माझ्यासाठी रानातून करवंदं आणायचा. निघायच्या दिवशी त्याने भरल्या द्रोणातलं एक टपोरं करवंद पुढे केलं. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी.

"कोंबडा निघाला तर दिवाळीला येशील ना गो?" त्याने विचारलं.

मी ते अख्खं तोंडात टाकलं आणि चावून गिळलं. "कोंबडी. नाय येनार," मी त्याच्याच बोलीत वेडावून म्हणाले. ओट्यावरच्या आतेबहिणी खिदळल्या. तेव्हा मलाही मजा वाटली.

उरलेला द्रोण माझ्या हातात देत तो हळूच म्हणाला, "जीभ लाल झाली गो तुझी."