राखणीची गाणी

पावसला शाळेत शिकवायला जाताना एका आंबाबागेपाशी माझी स्कूटर आपोआप हळू होते. कुंपणाच्या चिऱ्यांच्या गडग्यावर बागेचा मालक, साठीचा असेल, डोक्याला पंचा गुंडाळून आणि मांडीवर गोफण ठेवून राखणीला बसलेला असतो. मागच्या कलमाला टांगलेल्या स्पीकरमधून हेवी मेटल कोसळत असतं. मला तर ते पत्र्यावर नारळ पडल्यासारखं वाटतं. त्याचा पायाचा अंगठा मात्र ठेका धरून असतो, आणि चेहरा सत्यनारायणाला बसल्यासारखा.

एकदा थांबून विचारलंच.

"वांदरांसाठी वो, बाई. फटाक्यांना भीत नाय झालेत. मग भाच्यान मुंबैसून पेनड्राइव्ह दिलान. असली गाणी ज्यांनी पयल्यांदा काढली ना, त्या बँडची गाजलेली तेवढी सगळी."

तेवढ्यात पुढचं गाणं लागलं. नुसती गिटार वाजू लागली आणि इतका वेळ किंचाळणारा गायक अगदी हळू गाऊ लागला. लगेच वरच्या फांद्या हलल्या. तीन वानर सावकाश खाली सरकले आणि हापूस तोडू लागले. त्यांना हे गाणं चांगलंच ओळखीचं असणार.

"अहो, एवढं एक गाणं काढून टाका ना!" मी ओरडले.

त्याने गोफणीला हातही लावला नाही. डोळे मिटूनच म्हणाला, "नको. दिवसभर बोंबलतो बिचारा माझ्या आंब्यांसाठी. एक गाणं तरी त्याला निवांत म्हणू दे."

मग मीही गाडी बंद केली. वानरसुद्धा, मला वाटतं, ऐकत ऐकतच खात होते.