हॅशटॅगातली भावकी

दादा फौजेतून निवृत्त होऊन गावी आला, तेव्हा त्याच्याजवळ एक काळी ट्रंक, एक नवा मोबाईल आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल एक ठाम मत होतं. ट्रंक माळ्यावर गेली. बाकीचं सगळं अजून वापरात आहे.

आमचं गाव सांगलीहून शिराळ्याकडे जाताना लागतं. घरचा ऊस आहे, खपली असते ती जेमतेम एका तुकड्यात, पण दादाच्या डोक्यात खपलीच बसली. खपली म्हणजे आपला जुना गहू. त्याचं टरफल दाण्याला असं धरून बसतं की मळणीत सुटत नाही, मशीनवर कांडूनच काढावं लागतं. आमच्याकडे तिची खीर होते, शेवया होतात, आणि हल्ली शहरातल्या पथ्यवाल्यांना तिची फार आठवण येऊ लागली आहे. दादाचा बेत असा की व्यापाऱ्याला न घालता थेट गिऱ्हाइकाला विकायची, मोबाईलवरून. दुसरीकडे त्याच्या पलटणीतल्या एका मित्रानं पुण्यात एका कंपनीच्या गेटवर सुपरवायझरची जागा त्याच्यासाठी धरून ठेवली होती. दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला होता. म्हणजे हिशोब सरळ होता: खपली खपली तर दादा घरी, नाहीतर दिवाळीचा फराळ आटोपून पुन्हा घराबाहेर.

वहिनी यावर काहीच बोलत नव्हती. वहिनी बोलत नाही तेव्हा आमच्या घरात सगळ्यांना सगळं ऐकू येतं.

मी सांगलीत एका कॉलेजात शिकवते आणि सोशल मीडियावरची एक ऑनलाइन कार्यशाळा करून बसले होते, त्यामुळे या विषयातली घरची तज्ज्ञ मीच. दादाची पहिली पोस्ट मला कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दिसली. फोटो झकास होता. सुपात खपली, मागे सकाळचं ऊन. खाली मात्र हॅशटॅगांची जी रांग लागली होती, ती वाचता वाचता माझा चहा गार झाला.

सुरुवात #आमचेयेथेश्रीकृपेकरून. मग ग्रामदैवत. मग #कैआजोबा. वहिनीचं माहेर रहिमतपूरचं म्हणून #रहिमतपूर, आईचं पाटणकडचं म्हणून #पाटण, दोन्ही आत्यांची सासरं, पलटण, यात्रा कमिटी, तालीम, #थोरल्याघरचाआशीर्वाद, #समस्तभावकी, आणि शेवटी #अगत्ययेण्याचेकरावे. खपलीचा टॅग कुठंच नव्हता.

मी फोन लावला. "दादा, ही पोस्ट हाय का लग्नपत्रिका?"

"का? कोण राहिलं का?" त्याचा आवाज एकदम काळजीचा. "धाकट्या मावशीचं गाव राहिलं व्हय?"

हसू दाबून मी त्याला कार्यशाळेत शिकलेलं सगळं ऐकवलं. टॅग म्हणजे मान नव्हे. ज्याला आपण माहीत नाही, त्यानं शोधलं तर आपण सापडावं, यासाठी तो असतो. पुण्यातली बाई मोबाईलमध्ये काय टाकेल? खपली गहू टाकेल, खपलीचं पीठ टाकेल, शेवया टाकेल. आपल्या आत्याचं सासर कशाला टाकेल? नुसतं #फूड लिहिलं तर यात्रेत हरवल्यासारखं होतं, आणि नुसतं गावाचं नाव लिहिलं तर आपल्याच ओट्यावर बसल्यासारखं. दोन मोठे, दोन-तीन नेमके, एखादा जवळपासचा, बास. आणि दर वेळी तेच ते चिकटवायचे नाहीत.

दादानं सगळं शांतपणे ऐकलं. फौजेत वरून हुकूम आला की तो पाळायचा असतो, ही त्याची सवय मला फार आवडते. "जी," म्हणाला, आणि सगळी भावकी एका झटक्यात उडवली. नव्या पोस्टखाली #खपलीगहू, #खपलीचंपीठ, #घरगुतीशेवया, #पथ्याचंजेवण आणि #सांगली, एवढंच.

आणि खरंच विचारणा सुरू झाली. आधी पुणे, मग ठाणे, मग नाशिक. दादा पत्ते विचारू लागला, वहिनी पिशव्या शिवू लागली. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी स्टाफरूममध्ये दोघींना न विचारता सल्ला दिला.

रविवारी घरी गेले, तर दादा पायरीवर बसलेला, शेजारी खपलीची पोती जशीच्या तशी.

"काय झालं?"

"काकांची मशीन बिघडलीया."

कांडपाची मशीन गावात एकच, आणि ती आमच्या थोरल्या काकांची, दोन बोळ पलीकडे. मी कान दिला. मशीन धडधडत होती. इतकी खणखणीत की मांडणीवरची ताटलीसुद्धा थरथरत होती.

"दादा, चालू हाय की मशीन."

"ती दुसऱ्यांसाठी चालू हाय," दादा म्हणाला. "आपल्यासाठी बिघडलीया."

मग कळलं. काका रोज सकाळी चष्मा लावून दादाची पोस्ट उघडतात, आणि टॅग मोठ्यानं वाचून मशीनवर आलेल्यांना ऐकवतात. नव्या पोस्टमधून थोरल्या घराचा आशीर्वाद गायब झालेला त्यांनी चार माणसांदेखत वाचला होता. म्हणजे वाचलाच नव्हता, तिथंच तर सगळं बिनसलं. आत्यांनी फोन बंद केले होते. यात्रा कमिटीच्या अध्यक्षांनी दादाला बघून रस्ता बदलला होता. आमच्याकडे पत्रिकेतलं नाव पुढंमागं झालं तर माणूस मांडवात येऊन उपाशी परत जातो, आणि मी तर अख्खी भावकी कात्रीनं कापली होती. ऑर्डरी आलेल्या, पैसे आलेले, आणि दाणा टरफलात. दादानं मित्राला अजून नाही म्हटलं नव्हतं, आणि त्या दिवशी तो म्हणेल असंही दिसत नव्हतं.

घोळ माझा होता, म्हणून मीच गेले. काकांनी मला बघून मशीन बंद केली आणि बसायला पाट दाखवला. तज्ज्ञांचा पाहुणचार झाला.

"काका, ती पत्रिका न्हाई वो. बाजारातली पाटी हाय ती. गिऱ्हाईक काय शोधतंय ते लिवायचं असतंय."

"आन आमाला कोण शोधत न्हाई, आसंच न्हवं?"

त्यांचे दोन्ही मुलगे बाहेरगावी आहेत, हे मला माहीत होतं. गावात दिवसभर त्या मशीनखेरीज त्यांच्याशी बोलायला कुणी नसतं, हेही माहीत होतं. कार्यशाळेत यावर काही सांगितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला, कारण काका रुसले होते तरी त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

"त्यानं पयल्यांदा लिवलं तवा मी समद्यास्नी दाखिवलं," काका म्हणाले. "म्हटलं, पोरगं एवढी वर्सं भायेर राहिलं, पर घर इसरलं न्हाई. आन तू आलीस, आन पुसून टाकलंस. लय शिकलीस गं."

तोडगा सुचला तो दादाला. मी घरी येऊन सगळं सांगितलं, तेव्हा तो मोबाईल उघडत म्हणाला, "पोस्टीत गिऱ्हाइकं, आन खाली पयल्या कॉमेंटीत घरची माणसं. चालतंय का?"

चालतंय का! मोठमोठे लोक टॅग पहिल्या कॉमेंटमध्येच टाकतात, हे मला कार्यशाळेत सांगितलं होतं आणि मी ते साफ विसरले होते. मी गंभीर चेहरा करून म्हणाले, चालतंय. तज्ज्ञांना एवढं तरी जमावं लागतं.

त्या संध्याकाळी दादानं पोस्ट टाकली आणि लगेच खाली कॉमेंट: वडीलकीच्या क्रमानं सगळी भावकी, आजोळ, सासर, तालीम, यात्रा कमिटी. सगळ्यात वर #थोरल्याघरचाआशीर्वाद. क्रम लावायला आई, वहिनी आणि दादा जेवणं होईपर्यंत बसले होते. सकाळी मशीन आपोआप दुरुस्त झाली. काकांनी पोतं न्यायला स्वतः हातगाडी पाठवली.

पुढं जे झालं ते कुठल्याच कार्यशाळेत शिकवत नाहीत. भावकीनं त्या कॉमेंटखाली उत्तरं द्यायला सुरुवात केली. थोरल्या आत्यानं "धन्यवाद" लिहिलं, धाकटीनं आपलं गाव खाली का म्हणून विचारलं, पाटणकडच्या मंडळींनी मध्यस्थी केली, तालमीतल्या पोरांनी हात जोडले, यात्रा कमिटीनं "सस्नेह निमंत्रण" टाकलं. काका दर पोस्टीला एकच शब्द लिहितात, "उत्तम", आणि कुणी त्यांच्याआधी लिहिलं तर त्यांना आवडत नाही. जिथं बोलाचाली जास्त, तिथं मोबाईल आणखी माणसं आणून सोडतो. नाशिकच्या एका बाईंनी तर लिहिलं, की त्या पीठ मागवायला आल्या होत्या आणि भांडण वाचत बसल्या. दोन किलो पाठवा, आणि धाकट्या आत्यांना वर घ्या.

दिवाळीपर्यंत पोती बरीच उतरली. फार मोठं काही घडलं नव्हतं, पण एकदा मागवलेल्यांनी पुन्हा मागवलं होतं, आणि दादा यंदा उसातला एक तुकडा मोडून खपली पेरायची म्हणत होता. म्हणत होता एवढंच. पुण्याच्या मित्राला त्यानं हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही. ठाम मतांचा माणूस, पण एवढ्या एका गोष्टीवर त्याला मत फुटत नव्हतं.

सणाच्या आदल्या दुपारी मी आणि वहिनी स्वयंपाकघरात पिशव्या भरत होतो. दादाचा फोन फळीवर होता, तो वाजला. वहिनी त्याचा फोन कधी उचलत नाही. त्या दिवशी तिनं पिठाचा हात पदराला पुसला आणि उचलला. पलीकडून पुण्याचा मित्र बोलत होता, आवाज मला ऐकू येत होता. जागा आता जास्त दिवस धरता येणार नाही, साहेब कधी येतायत?

"न्हाई येणार ते," वहिनी म्हणाली. "त्यास्नी हितं काम हाय." मग तिकडून काही विचारलं गेलं असावं. "न्हाई, घरात न्हाईत. कांडपाला गेल्यात. जेवायला येत्यात."

फोन ठेवून ती पुन्हा पिशवीपाशी बसली. भरताना पीठ बाहेर सांडत होतं.

"आवं वन्सं, चुकलं का माझं?" तिनं विचारलं. मी नकारार्थी मान हलवली.

"लगीन झाल्यापास्नं कुणीबी इचारलं, मालक कवा येणार, की मी म्हणायचे, सुट्टी गावली की," ती म्हणाली. "आज मी म्हणाले, जेवायला येत्यात."