काचेतला टाक

साक्षात्कार वगैरे गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. मी परतूरला खतांचं दुकान चालवतो, आणि अक्कल म्हणाल तर... आमच्या घरचा खंडोबाचा टाक मीच रद्दीत घातला. टाक म्हणजे देवघरातला चांदीचा छोटा पत्रा, त्यावर घोड्यावर बसलेला देव. वाटूरहून बिऱ्हाड हलवताना हरवू नये म्हणून मीच तो पेपरात गुंडाळला, आणि मीच तो गठ्ठा रद्दीवाल्याला दिला. त्या दिवसापासून आईनं भंडाऱ्याच्या डबीला हात लावला नाही. सहा वर्षं.

गेल्या वर्षी मेहुणीच्या वास्तुशांतीला मुंबईला गेल्तो. परतीच्या गाडीला वेळ होता, पाय भरून आले होते, म्हणून बायकोसोबत तिथल्या मोठ्या म्युझियममध्ये शिरलो — खरं सांगतो, पंख्याखाली बसायला. मूर्ती, चित्रं, तलवारी... प्रत्येक दालनात मी आधी बाकडं शोधत होतो, मग कला.

वरच्या मजल्यावर एका काचेच्या कपाटात टाक मांडलेले. एका घोड्याचा पुढचा पाय अर्धा तुटलेला. आमच्याचाही तस्साच होता. पण पाटीवर लिहिलं होतं, आईच्या जन्माआधीपासून तो तिथंच आहे. म्हणजे आमचा नव्हेच. तरी सवयीनं वाकलो, आणि काच विसरलो. ठण्णकन आवाज झाला, सगळं दालन वळून बघायला लागलं.

"काका, मंदिर नाही हे," गार्ड थकल्या आवाजात म्हणाला आणि पांढऱ्या फडक्यानं काच पुसली. फडकं पांढरंच राहिलं.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "कपाळाला काय लावून घेतलं?"

पिवळं. हळदीचा वास. नळावर धुतलं, गाडीत रुमालानं घासलं — जाईना.

सकाळी घरी पोचलो. आई अंगणात तूर निवडत होती. माझ्या कपाळाकडं बघितलं आणि सूप बाजूला सरकवलं.

"कुठं भेटला?"

"मुंबईला. काचेत ठेवलाय."

"बरा हाय ना?"

"हाय. बराबर पुसून ठेवतात."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली, डबी उघडली, देवघरातल्या रिकाम्या जागी चिमूटभर भंडारा वाहिला. दुपारी आरशात बघितलं तर माझं कपाळ स्वच्छ.

काचेला लावायचं औषध, वास्तुशांतीची हळद, दमल्या डोळ्यांचा भास... सगळी कारणं लावून बघितली. एकही बसत नाही. शेवटी आईलाच विचारलं.

"रद्दीत काय टाकायलास ते तुला कळलं न्हाई," ती म्हणाली, "मंग हे काय कळणार?"